परवान्यावरचा शेतमजूर

“तुझं शेत कुठं आहे रे, मिसरी?”

गाडीच्या काचेवरून फिरणारा शहाताचा हात तिथंच थांबला. मागे अबू रामी उभा होता, शेजारच्या प्लॉटवर चाललेल्या बांधकामाचा मुकादम. सूर्यफुलाच्या बिया चघळत तो शहातानं नुकत्याच धुतलेल्या फरशीवर टरफलं थुंकत होता.

“शेत? कसलं शेत, साहेब?”

“वा! परवान्यावर शेतमजूर लिहिलंय ना तुझ्या? मग शेत असणारच. खाली घोराच्या खोऱ्यात असेल. यंदा काय लावलंय, टोमॅटो की काकडी?”

शहातानं हसायचा प्रयत्न केला, पण ओठ दातांवरून सरकेनात. फडक्यातलं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

“आपलं सहज विचारलं,” अबू रामी म्हणाला. “सरकारी माणसांनी विचारलं तर उत्तर तयार असलेलं बरं. आणि त्या रविवारी सकाळी तू कुठं होतास? इथं, की शेतावर?”

रस्त्यावरून गॅसची गाडी आपलं गाणं वाजवत गेली. शहातानं फडकं पिळलं.

“शेतावर होतो, साहेब,” शहाता म्हणाला.

“शाबास!” अबू रामीनं त्याच्या ओल्या खांद्यावर थाप मारली आणि तो निघून गेला.

शहातानं गाडी पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतली. हाताला काहीतरी काम हवं होतं.

अम्मानच्या त्या पाच मजली इमारतीत तो अकरा वर्षं रखवालदार होता. जिन्याखालच्या खोलीत राहायचा. जिने धुणं, गच्चीवरच्या टाक्या भरल्या की नाहीत ते बघणं, कुणाची भाजी आण, कुणाचा कचरा टाक, असं सगळं त्याच्याकडे असे. परवाना मात्र शेतमजुरीचा. शेतीचा परवाना लवकर मिळायचा, म्हणून मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, सोहागकडच्या त्याच्या गावातले सगळेच त्यावर यायचे आणि मिळेल ते काम करायचे. ते शेत शहातानं कधी पाहिलं नव्हतं. अकरा वर्षांत त्यानं एकच विद्या कमावली होती, ती म्हणजे नजरेत न येण्याची. तपासणीच्या गाड्यांचा रंग त्याला पाठ होता. भाजी आणायला तो मोठ्या रस्त्यानं कधी जात नसे, दोन गल्ल्या फिरून जाई. कुणी भांडत असेल तर त्या बाजूला बघतसुद्धा नसे.

पण त्या रविवारी त्यानं पाहिलं होतं.

खलफ त्याच्याच गावचा, तीन घरं सोडून राहणारा. दीड वर्षापूर्वी शहातानंच त्याला शब्द टाकून शेजारच्या बांधकामावर चिकटवला होता. रोज सकाळी कामावर चढण्याआधी खलफ कुंपणापाशी येई, शहाता त्याला काळाकुट्ट चहा देई आणि खलफ दरवेळी तेच म्हणे, “यात साखर टाकलीस, का साखरंत चहा टाकलास?” त्या दिवशीही म्हणाला. मग खालून अबू रामीनं हाक मारली, “खलफ, चौथ्यावरची फळी हलतेय, बघ जरा!” खलफ चढला. फळी खरंच हलत होती.

आवाज फार मोठा झाला नव्हता. सिमेंटची गोणी टाकल्यावर होतो तेवढाच. शहाता कुंपणापाशी धावला आणि जाळीतून त्यानं पाहिलं. अबू रामी खलफपाशी गुडघ्यावर बसला होता. शहाताला वाटलं, नाडी बघतोय. पण अबू रामीनं खलफच्या अंगातलं कंत्राटदाराचं नाव छापलेलं नारिंगी जाकीट काढलं. एक हात बाहेर, मग दुसरा, झोपलेल्या मुलाचे कपडे काढावेत तसं. मग त्यानं त्याची घडी घातली, काखेत मारली आणि मान वर केली. जाळीच्या अलीकडे शहाता उभा होता.

त्याला आता तेवीस दिवस झाले होते.

कंत्राटदारानं पोलिसांना सांगितलं होतं की असा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच. लोखंड चोरायला शिरला असेल आणि पडून मेला.

दुपारी खलफच्या बायकोचा, सबाहचा फोन आला. ती रडत नव्हती. तिचा आवाज कोरडा, खरबरीत होता.

“शहाताभाऊ, त्यास्नी चोर म्हणत्यात.”

“ऐकलं मी, वैनी.”

“इथं गावातबी आलंय ते. मुलीच्या होणाऱ्या सासरकडनं निरोप आला, लग्नाचं जरा थांबू म्हणून. ह्यांचे वडील दाराबाहेर यायचे बंद झालेत. तुम्ही रोज बघत व्हता त्यास्नी. एवढं सांगा की कुणाला तरी.”

“मी कुणाला सांगू? माझं कोण ऐकतंय?”

“तिथल्या आपल्या वकिलातीच्या कामगार कचेरीत अर्ज दिलाय मी. त्यांनी वकीलबाई लावलीय. तुमचं नाव दिलं मी.”

शहाताचा फोन हातातून निसटता निसटता राहिला. “माझं नाव कशाला दिलंत? वैनी, माझी चार पोरं हायती!”

सबाह म्हणाली, “माझीबी तीन हायती, भाऊ.” आणि फोन बंद झाला.

वकीलबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. दाराशी काळी बॅग घेतलेली अनोळखी बाई पाहताच शहाता जिन्यानं पळाला. गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा राहिला. बाई पाच मजले चढून आल्या. दम लागला होता, म्हणून आधी टाकीला टेकून उभ्या राहिल्या.

“मी इल्हाम,” त्या म्हणाल्या. “अबू महरूस तुम्हीच ना?”

इमारतीत त्याला कुणी ‘ए हारिस’, म्हणजे रखवालदार, म्हणे, कुणी ‘मिसरी’. ‘महरूसचा बाप’ अशी, मोठ्या मुलाच्या नावानं, घरच्या माणसांसारखी हाक अकरा वर्षांत इथं कुणी मारली नव्हती. नाही म्हणायचं ठरवलेलं असूनही त्याच्या तोंडून “हो” निघून गेलं.

“टाकी बिघडलीय?”

“नाही.”

“मग हात बाहेर काढा. गारठेल.”

त्यानं हात काढला. इल्हाम तिशी-पस्तिशीतली असावी. बुटांना रस्त्यावरची पांढरी धूळ लागली होती. तिनं सरळ विचारलं, “खलफ तिथं कामाला होता, हे तुम्ही कोर्टात सांगाल?”

“मला पकडतील.”

“पकडतील,” ती म्हणाली. शहाता तिच्याकडे बघतच राहिला. “खोटं सांगून मी तुम्हाला कोर्टात नेणार नाही. परवान्याशिवाय काम करणारा मजूर मेला तरी त्याच्या बायकामुलांचा हक्क कायद्यानं राहतो. तुमची साक्षही कायद्यानं चालते. पण तुमच्या परवान्याला मी वाचवू शकत नाही. जो माणूस शेतात असायला हवा तो इमारतीत सापडला, तर त्याला परत पाठवतात.”

“मग कायद्यानं माझं काय भलं होणार?”

इल्हामनं थोडा विचार केला. “तुमचं? फार काही नाही.”

खाली कुणीतरी “ए हारिस!” म्हणून ओरडलं. शहाता म्हणाला, “परवा सांगतो.” आपण परवाही सांगणार नाही, हे त्याला तेव्हाच माहीत होतं.

परवाचा दिवस उजाडलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तपासणीची गाडी आली. गल्ल्या न शोधता, कुणाला न विचारता ती थेट इमारतीसमोर थांबली आणि दोन माणसं जिन्याखालच्या खोलीकडे चालत आली. शहाता इमारतीतल्या उम्म फादी आजींच्या भाजीची पिशवी घेऊन आत शिरत होता. पळावंसं वाटलं, पण त्यानं खिशातून परवाना काढून दिला. परवाना बघून त्यातला एकजण म्हणाला, “घोर इथून बरंच लांब आहे, काका.” रागानं नव्हे, थकलेल्या आवाजात. शहातानं भाजीची पिशवी पायरीवर नीट टेकवून ठेवली, टोमॅटो घरंगळू नयेत म्हणून. रस्त्यापलीकडे अबू रामी बिया चघळत उभा होता.

कोठडीत सतरा जण होते, बहुतेक मिसरीच. मन्सूरा शहरातला अशूर नावाचा एक बडबड्या न्हावी होता. त्यानं शहाताला भिंतीपाशी जागा करून दिली.

“तू कोण? शेतमजूर? या, या! इथं सगळे शेतमजूरच आहेत. हा शेतमजूर शावरमा कापतो, तो शेतमजूर टायर बदलतो, आणि मी शेतमजूर माणसांच्या डोक्यावरचं पीक काढतो.”

सगळे हसले. शहाताला हसू आलं नाही. त्याला घर दिसत होतं. बायकोनं, फव्जियानं, अर्धी बांधून ठेवलेली वरची खोली. महरूसचं तंत्रशाळेचं शेवटचं वर्ष. धाकटीच्या डोळ्याचं ऑपरेशन. अकरा वर्षं तो भीत आला होता ते याच दिवसाला. आता तो दिवस आला होता आणि तरीही भीती संपली नव्हती, हेच त्याला कळत नव्हतं. वाटलं होतं, पकडलं की निदान भीती तरी सुटेल.

ती का सुटली नाही, ते दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला कळलं. अबू रामी आला होता. स्वच्छ शर्ट, बरोबर केळी.

“बघ, मी काही वाईट माणूस नाही,” तो जाळीच्या पलीकडून हळू आवाजात म्हणाला. “मालकांची ओळख आहे. नवा परवाना काढू, रखवालदाराचाच, खरा. चार दिवसांत तू तुझ्या खोलीत. फक्त या कागदावर सही कर. त्या रविवारी तू इमारतीत नव्हतास आणि खलफ नावाच्या माणसाला तू ओळखत नाहीस.”

“ओळखत नाही?”

“मिसरमध्ये दहा कोटी माणसं आहेत, शहाता. सगळ्यांना कोण ओळखतं?”

शहातानं कागद हातात घेतला. अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती. नजर ठरत नव्हती. “उद्यापर्यंत विचार करू द्या,” तो म्हणाला. अबू रामीनं केळी आत सरकवली. ती अशूरनं वाटून टाकली.

त्या दुपारी फव्जियाशी फोनवर दोन मिनिटं बोलता आलं. त्यानं कागदाचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, “कर की सही! मेलेला माणूस परत यायचाय का?” मग म्हणाली, “काल सबाह पाण्याला आली व्हती. बायकांनी तिला जागा न्हाई दिली. मीबी न्हाई दिली.” पुढं काही बोलायच्या आत वेळ संपली.

संध्याकाळी इल्हाम आली. केस विस्कटलेले, हातात शिक्क्याचा कागद.

“तुम्हाला परत पाठवण्याआधी साक्ष नोंदवून घ्यावी, असा अर्ज केला होता. न्यायाधीशांनी मान्य केला. उद्या अकरा वाजता तुम्हाला कोर्टात नेतील.” मग तिला त्याच्या हातातला दुसरा कागद दिसला. तिनं तो वाचला आणि परत दिला. फाडला नाही, रागावलीही नाही.

“वकीलबाई,” शहाता म्हणाला, “मी बोललो तर इथं राहता येईल का मला?”

“नाही.”

“आणि सही केली तर?”

“कदाचित येईल. यांच्या ओळखी असतात.”

“तुम्ही तरी म्हणा की, हे लोक फसवतील, सही करू नको!”

“मला माहीत नाही ते फसवतील की नाही.” इल्हामचा आवाज पहिल्यांदाच जरा कापला. “तुम्ही सही केलीत तर मी तुम्हाला दोष देणार नाही, अबू महरूस. सबाहबाईंनाही सांगेन, भेट झाली नाही म्हणून.”

ती गेली. शहाता भिंतीला टेकून बसला. या सगळ्या दिवसांत जे जे त्याच्याशी बोलले होते, त्या प्रत्येकाला त्याच्याकडून काहीतरी हवं होतं. या बाईलाही हवंच होतं. पण तिनं त्यासाठी एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

सकाळी गाडीत चढताना अशूर ओरडला, “शेतमजूर, पीक चांगलं येऊ दे रे!”

कोर्टाची खोली लहान होती. भिंतीला ओल आली होती आणि वरचा पंखा कुरकुरत होता. शहाताला हातकड्या घालूनच आत आणलं. न्यायाधीश चष्मेवाले, म्हातारे होते. ते म्हणाले, “शपथ घ्यायचीय, हात मोकळे करा.” कड्या निघाल्या तेव्हा शहाताला आपल्या हातांचं वजनच कळेना. त्यानं कुराणावर हात ठेवला. हात इतका हलत होता की कारकुनानं पुस्तक दोन्ही बाजूंनी धरलं.

अबू रामी दुसऱ्या रांगेत बसला होता. शहाताकडे बघून त्यानं किंचित मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

इल्हामनं विचारलं, “मयत खलफला तुम्ही ओळखत होतात?”

शहातानं समोरचा कठडा धरला.

“खलफ...” तो म्हणाला आणि थांबला. “तो माझ्या गावचा. मीच त्याला कामाला लावला.”

आणि मग सगळं बाहेर आलं. खालून मारलेली हाक, चौथ्या मजल्यावरची फळी, तो आवाज. जाकिटाबद्दल सांगताना तो आधी उजवा हात काढून दाखवू लागला, मग डावा, मग घडी. त्याला स्वतःलाच कळत नव्हतं आपण हे करतोय म्हणून.

कंत्राटदाराचा वकील उठला. “तुझ्या परवान्यावर काय लिहिलंय?”

“शेतमजूर.”

“शेतात काय पिकतं तुझ्या?”

“माहीत नाही. मी शेत पाहिलं नाही.”

मागे दोघंतिघं हसले. वकीलही हसला. “म्हणजे सरकारशी अकरा वर्षं खोटं बोललेला माणूस आज खरं बोलतोय, असं कोर्टानं समजायचं?”

शहाता न्यायाधीशांकडे वळला.

“साहेब, परवाना खोटा आहे. मी तिथं होतो, ते खोटं नाही. परवान्याची शिक्षा मला द्या. मी नाही म्हणत नाही.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “पहिल्याच दिवशी पोलिसांना का सांगितलं नाहीस?”

“भ्यालो.”

“आणि आता भीती गेली?”

“नाही साहेब,” शहाता म्हणाला. “आत्तापण भितोय.”

न्यायाधीशांनी कारकुनाला खूण केली, “हेही लिहून घ्या.”

पाचव्या दिवशी त्याला बसनं अकाबा बंदरात नेलं आणि इजिप्तमधल्या नुवेबाला जाणाऱ्या बोटीवर चढवलं. धक्क्यावर इल्हाम नव्हती. तिचा दुसरा कुठला तरी खटला होता. तिनं कचेरीतल्या शिपायाकडून त्याची खोलीतली गाठोडी पाठवली होती, दोरी घट्ट बांधून, वर नाव लिहून. पुढची पाच वर्षं त्याला जॉर्डनमध्ये येता येणार नव्हतं. अकाबाच्या टेकड्या लहान लहान होत गेल्या. आजूबाजूला लोक डेकवर भाकरी सोडून खात होते. शहाता रेलिंग धरून उभा होता. आता कसली भीती वाटतेय हे त्याला शोधूनही सापडेना, पण वाटत होती.

गावात परत आल्यावर तो दुसऱ्याच्या उसाला पाणी देऊ लागला. फव्जिया महिनाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली. वरची खोली अर्धीच राहिली. महरूसनं शाळा सोडायची भाषा काढली तेव्हा शहातानं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर हात उगारला, आणि मारला नाही. धाकटीच्या ऑपरेशनसाठी त्यानं बायकोच्या बांगड्या विकल्या. काही लोक म्हणाले, चांगलं केलंस. काही म्हणाले, वेडा आहेस. बहुतेक काहीच म्हणाले नाहीत.

निकाल सात महिन्यांनी आला. इल्हामनं फोनवर तो हळूहळू वाचून दाखवला. सबाहनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता आणि बायका दाराशी जमल्या होत्या. मयत खलफ हा त्या बांधकामावर नोकरीला होता, कामावर असताना मेला आणि चोरीचा आरोप निराधार आहे. भरपाई मिळणार होती, पण कंत्राटदार अपिलात गेला होता. ती केव्हा मिळेल, ते इल्हामलाही ठाऊक नव्हतं, आणि ते तिनं तसंच सांगितलं. ‘निराधार’ हा शब्द सबाहनं तिला पुन्हा वाचायला लावला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर शहाता फावडं खांद्यावर टाकून शेतावरून येत होता. खलफचे म्हातारे वडील दारासमोरच्या मातीच्या ओट्यावर बसले होते. अंगात स्वच्छ, पायघोळ गलाबिया, डोक्याला पागोटं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सलाम करत होते. शहाताला पाहून ते ओट्यावर जरा सरकले.

शहाता फावडं भिंतीला टेकवून शेजारी बसला. आतून सबाहनं चहा पाठवला. दोघं तो घोट घोट पिऊ लागले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी येऊन थांबली, दार धाडकन उघडलं आणि बुटांचे आवाज आले. शहाता चटकन अर्धवट उठला. हातातला पेला हिंदकळला.

म्हाताऱ्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“बस, बाबा. पिठाची गाडी हाय.”

शहाता बसला. म्हाताऱ्यानं हात लगेच काढला नाही. रस्त्याकडे बघत, येणाऱ्यांचे सलाम घेत, तो हात तसाच ठेवून बसला.